साठच्या पुढचा काटा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, म्हणजे मला पुढचं नीट सांगता येईल. मी स्वतःच्या हातानं माझी जी फजिती करून घेतली, तशी अख्ख्या खामगावात दुसऱ्या कुणी करून घेतली असेल असं मला वाटत नाही. पण फजितीचा मला राग नाही. राग आहे तो सगळा दोष माझ्या एकट्याच्या माथी मारला त्याचा. आता तुम्हीच सांगा, कापसाच्या गावात राहणाऱ्या माणसाला कुणी म्हणालं की उद्यापासून काटा सांभाळ, तर तो कोणता काटा सांभाळेल? बाभळीचा?

मी मूळचा उंद्रीचा. नाव गणपत. वऱ्हाड तेव्हा नागपूरच्या सरकारात होता आणि मी खामगावच्या एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, काट्यावर होतो. फाटकातून आत आलं की डाव्या हाताला जमिनीत बसवलेला मोठा काटा होता. कापसाची भरलेली गाडी त्यावर उभी करायची, बैल सोडायचे, आणि वजन किती भरलं ते मी ओरडून सांगायचं. माझ्या तोंडून निघालेला आकडा शेतकरीही मानायचा आणि शेठजीही मानायचे. कापसाच्या धंद्यात दोघांनी एकच आकडा मानणं ही काही साधी गोष्ट नाही.

त्यामुळे थोडी ऐट होती अंगात. असणारच. आणि त्यात माझ्या लग्नाचं चाललं होतं.

पोरगी देऊळघाटची, नाव सुभद्रा. मावसभावाच्या लग्नात तिला पाहिली होती आणि तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नव्हतं. उगीच लपवून काय करू? तिच्या बापाचं नाव पुंडलिकराव. आमच्याकडच्या रीतीनं मी त्यांना मामा म्हणायचो. माणूस खमक्या. त्यांनी निरोप धाडला होता की, पोराला घरी चहा पिताना काय पाहायचं, कामावर कसा आहे ते पाहतो. या हंगामाचा कापूस खामगावलाच आणतो, म्हणजे भाव पण बरा आणि पोरगा पण पाहून होईल. आवडला तर त्याच दिवशी हो म्हणून जाईन, नाहीतर नाही. म्हणजे माझं अख्खं आयुष्य एका दिवसावर येऊन ठेपलं होतं, आणि तो दिवस कोणता ते मला ठाऊक नव्हतं.

नेमकं त्याच सुमाराला शेठजींनी जिनात वीज आणली. इतकी वर्षं सगळे रेचे इंजिनावर चालायचे. रेचा म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणारं यंत्र. आता इंजिन बंद, त्याच्या जागी विजेची मोठी मोटर बसवली, आणि ती बसवायला एक साहेब आला. पुण्याचा.

साहेबाबद्दल मला वाईट बोलायचं नाही. पण मी काहीही बोललो की तो कपाळाला आठी घालून विचारायचा, "काय म्हणालात?" मी म्हणालो, "साहेब, जेवून राह्यले का?" तर म्हणाला, "काय म्हणालात?" मी म्हणालो, "पानी पाह्यजे का?" तर पुन्हा तेच. अहो, पाण्याला पानी म्हटलं तर काय ते ओलं राहत नाही? आमच्या बोलण्यात त्याला कुठं खडे लागत होते कोण जाणे. मी वैतागून त्याला काही विचारणंच सोडून दिलं. हे लक्षात ठेवा, कारण सगळी गडबड इथंच झाली.

एके दिवशी शेठजी साहेबाला घेऊन माझ्याकडे आले. झालं असं होतं की मोटरवर सतत लक्ष ठेवायला साहेबाला एक भरवशाचा माणूस हवा होता. तो शेठजींना म्हणाला, काट्यावर एक चांगला माणूस द्या. शेठजींनी लगेच मला दाखवलं.

"साब, ये अपना गणपत. काट्यावर याच्यासारखा आदमी अख्ख्या खामगावात नाय भेटनार."

साहेब खूश झाला. मीही झालो. मग साहेब मला म्हणाला, "हे पाहा, उद्यापासून काट्याची जबाबदारी तुमची. लोड वाढला की काटा पुढे जातो, हे तुम्हाला ठाऊक असेलच."

लोड म्हणजे ओझं. एवढी इंग्रजी मला येत होती. म्हटलं, "हाव साहेब, लहानपनापासून तेच पाहून राह्यलो."

"काय म्हणालात?"

"ठाऊक आहे."

"उत्तम. साठपर्यंत चालेल. काटा साठच्या पुढे गेला की ताबडतोब बंद करायचं. कुणी कितीही आरडाओरडा केला तरी ऐकायचं नाही. नाहीतर मोटर जळेल."

साठच्या मागे त्यानं कसलासा एक इंग्रजी शब्द जोडला होता. मी म्हटलं, इंग्रजीत मणाला तसं म्हणत असतील. आपल्याला साठशी मतलब. पण मोटर का जळेल ते काही कळेना. मोटर म्हणजे मला तेव्हा एकच माहीत, शेठजींची काळी गाडी; आतल्या त्या विजेच्या धुडाला आम्ही नुसतं यंत्रच म्हणायचो. ती रोज काट्याशेजारच्या लिंबाखाली उभी असायची. तरी मी खात्री करून घेतली.

"शेठजींची मोटर?"

"मग कुणाची? माझी?" साहेब म्हणाला आणि निघून गेला.

आता मला सांगा, यात माझं काय चुकलं? काटा, लोड, साठ, शेठजींची मोटर. एक तरी शब्द असा होता का, की ज्यावर मी अडावं? तो त्याच्या भिंतीवरच्या काट्याबद्दल बोलत होता, ते मी माझ्या जमिनीतल्या काट्यावर उभा राहून कसं ओळखायचं?

घरी गेल्यावर मात्र मी डोकं लावलं. शिकलेला माणूस उगीच बोलणार नाही. भरलेली गाडी जड झाली तर शेठजींची मोटर कशी जळेल? विचार करता करता मला सापडलं. गाडी जड, म्हणजे आखावर, चाकांमधल्या कण्यावर, जोर. आखाला वंगण नाही, म्हणजे चाक घासणार. घासलं की तापणार, तापलं की ठिणगी, आणि वरती काय, तर कापूस. कापसाची गाडी पेटली की शेजारी लिंबाखाली शेठजींची मोटर. साहेबाच्या अकलेपुढे मी मनातल्या मनात हात जोडले. पुण्याहून यावं आणि आमच्या गाड्यांच्या आखाचा असा विचार करावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काट्यावर उभा राहिलो. पहिलीच गाडी साठच्या वर. थांबवली. दुसरी साठच्या वर. थांबवली. तिसरीही. आमच्याकडचा कापसाचा मण लहान, चौदा शेरांचा; त्यात गाडीसकट वजन म्हटल्यावर साठच्या आत येणार कोण? पण हुकूम म्हणजे हुकूम. थोड्या वेळात फाटकाबाहेर गाड्यांची रांग लागली, ती पार सडकेपर्यंत गेली. बैल एकमेकांना शिंगं दाखवायला लागले आणि गाडीवान मला.

"काऊन रोकली बे गाडी?"

"लोड जास्त हाय."

"मंग काय हातात धरून आनू कापूस?"

"थोडा खाली उतरवा. दोनदा काट्यावर या."

"सक्काळी सक्काळी घेऊन आला का रे?"

असं मला. माझ्या उभ्या जन्मात तोंडाला दारूचा थेंब लागला नाही आणि हा भर फाटकात मला असं विचारतो. माझा संताप झाला. मी म्हटलं, आता तर साक्षात नागपूरचा लाटसाहेब आला तरी सोडत नाही.

आणि त्याच रांगेत, सहाव्या की सातव्या गाडीवर, डोक्याला पांढराशुभ्र पटका बांधून पुंडलिकमामा बसलेले.

आजच? बोथ्याचा घाट उतरून माणूस नेमका आजच आला? त्यांची गाडी काट्यावर आली. कापूस काय होता म्हणून सांगू, पांढरा, कोरडा, एक पानाचा तुकडा नाही त्यात. आणि वजन? साठच्या कितीतरी पुढे.

मामा माझ्याकडे बघतायत, मी काट्याकडे बघतोय, आणि मागचे सगळे गाडीवान आता हा काय करतो म्हणून माझ्याकडे बघतायत. सोडली तर हुकूम मोडला आणि वर सगळे म्हणणार की सासऱ्याची म्हणून सोडली. अडवली तर सुभद्रा गेली.

"काय गनपत भाऊ," मामा म्हणाले, "आमची पन रोकता का?"

"रोकाच लागते मामा. तुमची गाडी पेटून राह्यली असती."

"पेटून? कायनं?"

"आख तापते ना."

मामांनी आखाला हात लावून पाहिला. मग मला पाहिलं. मग पुन्हा आखाला.

तेव्हाच मला ती युक्ती सुचली. आख तापतो ना? मग गार करू. जिनात आगीसाठी म्हणून भिंतीला लाल बादल्या टांगून ठेवलेल्या असायच्या. मी हमालांना हाक मारली आणि सांगितलं, प्रत्येक गाडीच्या आखावर पाणी मारा आणि मग गाडी आत सोडा. म्हणजे हुकूमही राहिला, मोटरही राहिली आणि रांगही सुटली. मला वाटलं, साहेब ऐकेल तर पाठ थोपटेल.

हमालांचं काम तुम्हाला माहीत आहे. कोण वाकून आखावर पाणी घालतो? लांबून बादली भिरकावायची. थोडं आखावर, बाकीचं गाडीवर. मी ओरडत होतो, "खाली मार बे, खाली मार," पण ऐकतो कोण.

मामांच्या गाडीला मात्र मी हमाल लावला नाही. म्हटलं, घरचा माणूस आहे, त्याच्या गाडीला जरा सुद्धा धग लागता कामा नये. मी स्वतः बादली उचलली. एक या बाजूनं, एक त्या बाजूनं. आणि मामा बघतायत म्हणून जरा जोरात. अर्धा कापूस न्हाऊन निघाला, पण ते माझ्या ध्यानात कुठं येतंय? मी त्यांच्याकडे बघून हसलो. ते हसले नाहीत.

सकाळपासून गाड्या अडवल्यामुळे आत रेचे कापसाची वाट पाहत होते. एरवी कापूस आवारात ढिगावर टाकतात, चांगला वाळू देतात. त्या दिवशी गाडी आत गेली की तसाच उचलून रेच्यावर. ओला कापूस रेच्यात अडकतो, गुंडाळी होते, सगळं यंत्र जड होतं, हे जिनातल्या कुणालाही कळतं. मलाही कळत होतं. पण माझं सगळं चित्त बाहेर आखांवर होतं.

रेच्यावर कापूस घालणाऱ्या बायांपैकी सखूबाई मला शोधत बाहेर आली.

"गनपत भाऊ, त्या भितीवरचा काटा पाहा बरं. लय थरथर करून राह्यला. पार टोकाले जाऊन भिडला."

मी दारातून डोकं घालून पाहिलं. भिंतीवर साहेबानं एक गोल डबी बसवली होती, काचेची, आत आकडे आणि एकच काटा.

"घड्याळ हाय ते," मी म्हटलं. "नवीन हाय. चावी जास्त झाली असंल. तू तिकडे पाहू नको, काम कर."

"एका काट्याचं घड्याळ?"

"साहेबाचं हाय. पुन्याले तसंच राह्यते."

ती गेली. मी परत आखांकडे वळलो. आणि मग वास आला. असा वास की नाकातून डोक्यात गेला. आत बाया ओरडायला लागल्या, रेचे एकदम थांबले, आणि यंत्राच्या खोलीतून काळा धूर निघाला.

मी काय केलं असेल? सगळ्यात आधी पळत लिंबाखाली गेलो आणि शेठजींची मोटर बघितली. ती ठणठणीत. मी सुटकेचा श्वास सोडला. म्हटलं, वाचवली आपण.

शेठजी आणि साहेब सकाळपासून बंगल्यावर हिशेबाला बसले होते आणि आता जेवत होते, ते तसेच उष्ट्या हातानं धावत आले. साहेब आत गेला आणि बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा पाहवत नव्हता. त्याच्या हातात रेच्यातून काढलेली ओल्या कापसाची गुंडाळी होती. शेठजींनी ती पिळली. पाणी टपटप खाली पडलं.

"ये किसका माल है?"

कुणीतरी मामांच्या गाडीकडे बोट दाखवलं. सगळ्यात ओला त्यांचाच होता ना. आणि तुम्हाला माहीत आहे, कापसाला पाणी मारून आणणं म्हणजे वजन वाढवायची लबाडी. शेठजी भडकले.

"बुढ्ढे, शरम नाय वाटत? पानी मारून माल आनतो?"

मामांचं तोंड पांढरं पडलं. भर आवारात, शंभर गाडीवानांच्या देखत त्यांना कुणी लबाड म्हणालं होतं. ते पटका सावरायला लागले. मला ते पाहून असा चटका बसला की मी सगळ्यांना बाजूला सारून पुढं झालो.

"त्याइले काही बोलू नका, शेठजी. पानी मी टाकलं."

"तू?"

"मी. माह्या हातानं. अन् साहेबाच्या हुकमावरून." मी छाती पुढं काढली. "काटा साठच्या पुढं गेला, तशी मी एकूनएक गाडी रोकली. तुमची मोटर वाचवली. पाहून घ्या, लिंबाखाली उभी हाय."

शेठजींनी लिंबाखाली पाहिलं. साहेबानं पाहिलं. मग साहेब अगदी हळू आवाजात म्हणाला, "काय म्हणालात?"

या वेळेला त्याला खरंच ऐकू आलं नव्हतं असं नाही. मी पुन्हा सगळं सांगितलं. लोड, आख, ठिणगी, लाल बादली. सांगता सांगता माझाच आवाज बारीक होत गेला, कारण साहेब खाली जमिनीवर उकिडवा बसत चालला होता.

मग त्यानं मला हाताला धरून आत नेलं. भिंतीवरच्या त्या डबीसमोर उभं केलं. "हा काटा," तो म्हणाला. "मोटर किती वीज ओढते ते हा दाखवतो. ही मोटर. तुम्ही इथं बसायचं होतं."

समोर ती मोटर धूर सोडत होती. विजेची. शेठजींचीच.

"पन साहेब, हे तर घड्याळ..." मी म्हणालो आणि थांबलो, कारण दारात सखूबाई उभी होती.

बाहेर येऊन जो वाद झाला तो ऐकायला हवा होता तुम्ही. साहेब म्हणे, मी काट्यावर माणूस मागितला होता. शेठजी म्हणे, मी काट्यावरचाच माणूस दिला. मी म्हणे, मी काट्यावरच होतो की, दिवसभर हाललो नाही. तिघांचंही खरं. पण शिव्या कुणाला? मला. शेठजींनी तिथल्या तिथं सांगितलं, "निकल जा. कलसे मत आना." एक शब्द त्या साहेबाला नाही, ज्याला काट्याला दुसरं नाव देता आलं असतं. आजही आठवलं की माझं रक्त उकळतं.

पण खरं सांगू का, त्या क्षणी मला नोकरीचं काही वाटलं नाही. मी मामांकडे बघत होतो. कापूस भिजवला, लबाड म्हणवून घेतलं, आणि वर आता पोरगा बिनकामाचा. सुभद्रा संपली. मी त्यांच्याकडे जायला निघालो, माफी मागायला, तर तेच पुढं आले.

"शेठजी," मामा म्हणाले, "याले काढू नका. बाहेर गाड्या सडकेपर्यंत उभ्या हायेत. वजन कोन करीन? तुमी?"

शेठजींनी रांगेकडे पाहिलं. हंगाम होता. मला सोडून काट्यावर बसणारा दुसरा माणूस त्यांच्याकडे नव्हता, आणि हे त्यांनाही ठाऊक होतं. ते काहीतरी पुटपुटले, त्याचा अर्थ राहू दे असा निघाला.

"अन् दुसरं म्हंजे," मामा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "माह्यी पोरगी याले द्याचं मी आता पक्कं केलं."

गाडीवान हसायचे थांबले. शेठजींचं तोंड उघडंच राहिलं. "इतना होने के बाद?"

"झालं म्हनूनच. पोरीच्या बापाले भेव कायचं असते? जावई तिले फसवीन याचं. माह्या पोरीले हा गडी जन्मात फसवू शकत नाई. फसवाले डोकं लागते."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दिवसभर मला घालूनपाडून बोलले सगळे, आणि या एका माणसानं, ज्याचा कापूस मी भिजवला, त्यानं भर आवारात माझी अशी तारीफ करावी? मी तिथंच वाकून त्यांचे पाय धरले.

लग्न झाल्यावर मी ते वाक्य येईल त्या पाहुण्याला अभिमानानं सांगायचो. पाहुणे खोकायला लागायचे. शेवटी एकदा सुभद्रानं मला आत बोलावून त्याचा अर्थ समजावून सांगितला. दोनदा सांगावा लागला.